बिज्याखालची रोपं

"मॅडम, काय हरपलं?"

संघप्रिया दचकली. एप्रिलची सकाळ, जेमतेम दहा वाजलेले, आणि ऊन आत्ताच कानशिलावर येऊन बसलेलं. बिज्याच्या एका जुन्या झाडाखाली गुडघे टेकून ती पाचोळ्यात हात घालून बसली होती. मान वर केली तर समोर एक उंच, सावळा तरुण उभा. खांद्यावर कुऱ्हाड, हातात दोरी, आणि दोरीच्या टोकाला कुणीच नाही.

"काही हरवलं नाही," ती म्हणाली. "बिया मोजतेय."

"कायच्या बिया?"

"याच झाडाच्या."

त्यानं वर पाहिलं, मग खाली पाहिलं. झाडाखाली पापडासारख्या गोल, वाळक्या शेंगांचा नुसता खच पडला होता.

"सगळ्या मोजता?"

"नाही हो, एवढ्या चौकटीतल्याच."

"मंग बाकीच्या कोण मोजते?"

तिला हसू आलं. पण अनोळखी माणसासमोर जंगलात एकटीनं हसावं की नाही, ते तिला ठरवता येईना. तिनं दोरीकडं बोट दाखवलं. "तुमचं काय हरवलं?"

"गोऱ्हा. दोन दिवसापासून पाहून राह्यलो." तो सरळ तिच्यासमोर उकिडवा बसला. "पण तो कुठी जात नाई, भूक लागली का येते. तुमच्या बिया वाऱ्यानं उडून जातीन. आधी तुमचं पाहू."

एक शेंग उचलून त्यानं कानापाशी हलवली. "ही भरली हाय." दुसरी हलवली. "ही फुसकी." तिसरी नुसती बोटांत दाबली. "हिच्यात अळी गेली."

संघप्रियानं पिशवीतून चाकू काढला आणि त्यानं सांगितलेल्या दहा शेंगा कापून पाहिल्या. नऊ बरोबर निघाल्या.

"दहावी काऊन चुकली?" तो मनापासून खट्टू झाला होता. आणि संघप्रियाला, का कोण जाणे, त्या दहाव्या शेंगेचं फार बरं वाटलं...

तो वारलू मडावी. धानोऱ्याच्या पुढं, आत जंगलात, कोसमटोला नावाचं तीसेक घरांचं गाव, तिथला. बी. ए.चं दुसरं वर्ष अर्ध्यावर टाकून घरची धानाची शेती बघायला परतलेला. आणि ती संघप्रिया रामटेके, मूल गावची. वडील श्रावण रामटेके तिथल्या राईस मिलमध्ये कामाला. घराण्यात पदवीपर्यंत पोचलेली ती पहिली, आणि आता गडचिरोलीला वसतिगृहात राहून पीएच.डी. करत होती. विषय एकच, बिजा. पश्चिमेकडं त्याला बिवळा म्हणतात. मोठं झाड दिसतं, त्याच्या बिया ढिगानं पडतात, पण पोरसवदा झाडं जंगलात हुडकूनही सापडत नाहीत. मग एवढ्या बिया जातात कुठं? रोपं उगवतात, ती मरतात कुठं, आणि का?

तिला हाताखाली माणूस हवाच होता. अंगणवाडीच्या गिरजाबाईंकडं ती मुक्कामाला उतरायची. त्यांनीच शब्द टाकला. "वारलूले ने वो पोरी. झाडाच्या पानाचं देठ पाहून नाव सांगते तो."

पहिल्याच दिवशी नावावरून अडलं.

"संघप्रिया?" वारलू म्हणाला. "येवढं लांब नाव? जंगलात हाक मारेपर्यंत अस्वल येऊन जाईन."

"मग छोटं करा."

"प्रिया म्हणलो त गावात चपला पडतीन मले."

तिनं पटकन वहीत तोंड घातलं. कान तापले होते.

"मॅडमच बरं," तो स्वतःशीच म्हणाल्यासारखा म्हणाला.

जुलैत रोपं वर आली. सहा झाडं निवडली होती. प्रत्येक झाडाच्या बुडापासून पाच पावलांवर, पंधरावर, तीसवर आणि पन्नास पावलांवर सुतळीच्या चौकटी ठोकल्या. चौकटीतल्या एकेका रोपाला तारेच्या सैल कडीत अॅल्युमिनियमचा चपटा बिल्ला अडकवायचा. त्यावर क्रमांक. असे दोनशे साठ बिल्ले. पुढं दर महिन्याला यायचं. कोण जगलं, कोण मेलं, कोण किती बोटं वाढलं ते लिहायचं.

"जंगलात चूप राहाचं नाई," वारलूनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "अस्वल दचकते मंग. बोलत राहाचं."

आता असा नियमच असल्यावर काय करणार! दोघं बोलत राहिली. सकाळी सातपासून उन्हं कलेपर्यंत. त्याच्या गोऱ्ह्याबद्दल, तिच्या वसतिगृहातल्या पातळ वरणाबद्दल, आणि बिज्याबद्दल.

"आईच्या पायाशी सगळ्यात जास्त बिया पडतात," ती सांगायची. "पण तिच्यावर पोसलेली कीड, बुरशी, सगळं तिथंच दबा धरून असतं. त्यामुळं जवळची रोपं मरतात. जी वाऱ्यानं लांब जाऊन पडतात त्यांना जरा जगायची आशा. आणि जवळची मरतात म्हणून तिथं दुसऱ्या झाडांना जागा मिळते. ऐन येतो, धावडा येतो, तेंदू येतो. नाहीतर सगळं जंगल एकाच जातीचं झालं असतं. निदान असं म्हणतात. आपल्या बिज्याचंही तसंच आहे का, ते मला बघायचंय."

"मंग माह्या मायले सांगा हे. मले धानोऱ्याच्या पलीकडं जाऊ देत नाई ते."

"तुम्हाला जायचंय का पलीकडं?"

"आतापर्यंत नोतं जायचं..." तो म्हणाला आणि पुढच्या चौकटीकडं चालू लागला.

श्रावणात एकदा भर दुपारी आभाळ फाटलं. जवळ एकच मेणकापड होतं. वारलूनं ते तिच्यावर आणि वहीवर धरलं, आणि स्वतः बाहेर उभा. पाणी त्याच्या कपाळावरून, नाकावरून धार धरून गळत होतं आणि तो शांतपणे समोरच्या रोपाची पानं मोजत होता.

"आत या ना."

"कागद भिजतीन."

"तू भिजतोयस!"

'तू' कसं निघालं ते तिलाच कळलं नव्हतं. तिनं त्याची बाही धरून त्याला आत ओढलं. मेणकापडाखाली ओल्या मातीचा, ओल्या कापडाचा, बिज्याच्या चिरलेल्या सालीचा वास कोंडला होता. त्याचा खांदा तिच्या खांद्याला टेकला होता आणि दोघांनीही तो काढून घेतला नाही. वर पाऊस ताशासारखा वाजत होता... तिच्या बोटांवर बिज्याचा लाल डिंक लागला होता. त्यानं तो अंगठ्यानं पुसला. पुसून झाल्यावरही बोट सोडलं नाही.

"काम झाल्यावर येशील इथी?" त्यानं विचारलं.

"काम झाल्यावर कशाला? दोन बस बदलून?" ती हसत म्हणाली.

गंमतच होती ती. त्या वयात आणि त्या पावसात गमतीशिवाय दुसरं काय बोलता येतं? त्यानंही हसून सोडून दिलं. म्हणजे, तिला तसं वाटलं.

रोपं मरत गेली. कुणाला चितळानं खुडलं, कुणाची मान बुरशीनं मोडली, कुणी नुसतंच सुकलं. मेलेल्याचा बिल्ला काढायचा, वहीत फुली मारायची. पुढच्या मे महिन्यात ती आली तेव्हा तिसऱ्या झाडाखालची जवळजवळ सबंध चौकट करपून गेली होती. बावीसातली एकोणीस रोपं वाळून काड्या. संघप्रिया तिथंच मातीत बसली आणि रडायला लागली. मोजणाऱ्यानं रडायचं नसतं, हे तिला माहीत होतं. पण दहा महिने ज्यांची पानं बोटांनी मोजली त्यांच्या अशा काड्या झालेल्या बघणं... तिनं ओढणीनं डोळे पुसले आणि उगीच हसली.

"अशीच मरत राहिली ना वारलू, तर दिवाळीपर्यंत चौकटी रिकाम्या. मग संपलं माझं इथलं काम. कोसमटोल्याची फेरी बंद!"

वारलूनं एकोणीस बिल्ले एकेक करून काढले आणि तिच्या हातावर ठेवले.

त्या दिवशी वहीत एकशे अठरा रोपं जिवंत उरली होती.

आणि मग मरायचं थांबलंच. पावसाळाभर फक्त चार गेली. हिवाळ्यात दोन, पुढच्या उन्हाळ्यात तीन. संघप्रिया दर महिन्याला येई, वारलू फाट्यावर सायकल घेऊन उभा असे, आणि चौकटीत रोपं डुलत असत. एकदा चौऱ्याऐंशी नंबरचं रोप आधीपेक्षा बोटभर आखूड भरलं.

"हे कमी कसं झालं?"

"चितळानं शेंडा खाल्ला."

तिनं लिहिलं: शेंडा खाल्लेला. वारलूनं सांगितलं म्हणजे झालं. त्याच्या डोळ्यांवर तिचा स्वतःच्या डोळ्यांपेक्षा अधिक विश्वास होता. त्या वर्षात तिनं त्याच्या हातचा जांभळाच्या काडीवर भाजलेला मासा खाल्ला, गोंडीतले वीस-पंचवीस शब्द शिकली. आणि एका दुपारी, पन्नास पावलांवरच्या चौकटीपाशी, त्यानं तिच्या केसांतलं वाळकं पान काढलं आणि हात तसाच गालावर राहू दिला, तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले. तोंडानं मात्र दोघांपैकी कुणीच काही म्हटलं नाही. त्याला वाटे, तिनं म्हणावं. तिला वाटे, घाई कशाला. आणि खरं सांगायचं तर तिला भीतीही वाटत होती. मूलच्या घरी काय सांगायचं? पीएच.डी. करायला गेलेली पोरगी बी. ए. अर्धवट सोडलेल्याचा हात धरून आली?

डिसेंबरात तिचे मार्गदर्शक, गुणवंत सर, स्वतः बघायला आले. आकडे पाहून ते हरखले होते. आईच्या पायाशी असलेली रोपं लांबच्यांइतकीच जगतायत, हे कुणाच्याच पुस्तकात बसत नव्हतं. सर चौकटींमधून लहान मुलासारखे धावत होते.

"आणि हे कोण?" त्यांनी विचारलं.

"हे वारलूभाऊ. आपले फील्ड असिस्टंट," ती म्हणाली. "भाऊ, सरांची बॅग घ्या ना जरा."

वारलूनं बॅग घेतली. जेवताना गिरजाबाईंच्या ओसरीवर सर आणि ती बसली, तो अंगणात बसला. कुणी बसवलं नव्हतं. पण वर बोलावलंही नव्हतं. सर गेल्यावर ती त्याच्याजवळ आली.

"रागावलास?"

"नाई वो, वारलूभाऊले कायचा राग?"

ती हसली. तो हसला नाही.

फेब्रुवारीत बंगळुरूच्या परिषदेत तिनं निबंध वाचला. टाळ्या पडल्या. दोन जणांनी पुढच्या संशोधनासाठी बोलावलं. परतल्यावर ती कोसमटोल्यात पेढे घेऊन आली आणि पहिला वारलूच्या तोंडात कोंबला. "तुझ्यामुळं!" ती म्हणाली. त्याला ठसका लागला. पाणी पिऊनही किती वेळ त्याचा चेहरा उतरलेलाच होता.

ऑक्टोबरात सर म्हणाले, "आता रोपं का जगतात, ते मुळांत बघायला हवं. सगळी खणून काढा. मुळं मोजू, वाळवू, वजन करू. मग निबंध छापायला पाठवू."

जमीन अजून ओली होती. पहिल्या झाडाखाली पाच पावलांवर, बिल्ला एकतीस. संघप्रियानं खुरप्यानं हळूहळू माती सैल केली आणि रोप उचललं. मूळ चार बोटं सरळ गेलं होतं आणि मग गळासारखं वाकून वर वळलं होतं. वळणापाशी जुना, भरून आलेला काप.

दगड लागला असेल, तिनं मनात म्हटलं.

बिल्ला अडतीस. तसंच. वाकलेलं, तुटून पुन्हा फुटलेलं मूळ. बिल्ला चाळीस. तसंच. मग ती उठून पन्नास पावलांवरच्या चौकटीत गेली आणि तिथलं एक रोप खणलं. ते मूळ सरळ खाली, खाली, तिच्या कोपरापर्यंत गेलं होतं. टोक तुटून जमिनीतच राहिलं.

बी जिथं पडतं, तिथं मूळ सरळ उतरतं. उपटून पुन्हा लावलं तरच ते असं वाकतं. हे कळायला कुणाला पीएच.डी. लागत नाही.

तिनं वारलूकडं पाहिलं. तो झाडाला टेकून बसला होता. कुदळ मांडीवर. सकाळपासून त्यानं एकही रोप खणायला घेतलं नव्हतं.

"ही कुणी लावली?"

वारलूनं कुदळ मांडीवरून खाली ठेवली.

"वारलू, ही रोपं कुणी लावली?"

"मी."

"किती?"

"जेवढे मेले तेवढे, त्या उंचीचं भेटलं त. तू गेली का मी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चक्कर मारो. मेलेलं दिसलं का डोंगरामागून तेवढ्याच उंचीचं आणो. पळसाच्या पानात माती बांधून. बिल्ला त्याले घालो." तो जमिनीकडं पाहत होता. "उन्हाळ्यात पाणी घातलं. चितळं येऊ नये म्हणून काट्या टाको. तू यायच्या आदल्या दिवशी काढो."

"पण का?"

"तूच म्हणली होती. चौकटी रिकाम्या झाल्या का फेरी बंद."

तिला क्षणभर काही आठवेनाच. मग आठवलं... मे महिना, एकोणीस काड्या, आणि तिचं ते उगीचचं हसणं.

"अरे, गंमत होती ती!" तिचा आवाज फाटला, आणि इतक्या दिवसांत त्याच्यासमोर कधी न आलेली तिची मूलची बोली बाहेर पडली. "रोपं मरत असतेत, बाप्पा! तेच त लिहाचं होतं मले! कोणतं मेलं, कुठी मेलं, तेच माहं काम होतं. चौकट रिकामी झाली असती तरी मी आली असती. पुढच्या पावसात नवे उगवतेत, ते कोण मोजन? तीन साल आली असती मी!"

वारलूनं पहिल्यांदा मान वर केली. हे त्याला माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं, आणि ते त्याच्या चेहऱ्यावर इतकं उघडं दिसत होतं की तिला ते बघवेना.

"मले वाटलं," तो म्हणाला, "तू रोपासाठी येतं. माह्यासाठी येतं असं त तू कधी म्हणली नाई."

तिनं वही उघडली. नवं पान काढलं.

"सांग," ती म्हणाली. "कोणतं कधी मेलं ते सांग."

आणि त्यानं सांगितलं. एकही बिल्ला न पाहता, झाडाला टेकून. "एकतीस, गेल्या साली आषाढात, मान मोडली होती. अडतीस बी त्याच दिवशी. चाळीस, पोळ्याच्या आधी, अळीनं खाल्लं. चौऱ्याऐंशी दोनदा मेलं. पहिलं दसऱ्याले, दुसरं होळीच्या आधी..." दुपार ओसरली. तो सांगत गेला, ती लिहीत गेली. वहीप्रमाणं जिवंत असलेल्या एकशे नऊ रोपांपैकी अठ्ठ्याण्णव मेली होती. मूळची, बियांतून आलेली, तिथंच वाढलेली उरली होती फक्त अकरा. ती सगळी तीस आणि पन्नास पावलांवरची. पाच पावलांवर एकही नाही.

म्हणजे जंगलानं उत्तर दिलं होतं. साधं, सरळ, पुस्तकात बसणारं. त्यावर तिची पीएच.डी. आरामात झाली असती. आता ते उत्तर तिच्या वहीत लिहिलेलं होतं आणि ते कुठंच वापरता येणार नव्हतं, कारण ते कुणी मोजलेलं नव्हतं. एका माणसानं ते फक्त ध्यानात ठेवलं होतं.

सरांना तिनं टेकडीवर जाऊन फोन केला.

"परिषदेत वाचलेला निबंध मागे घ्यावा लागेल," सर म्हणाले. "त्यांना कळवू. कारण लिहावं लागेल, संघप्रिया. स्पष्ट."

तिनं लिहिलं. 'क्षेत्र-सहाय्यकाने परवानगीशिवाय मृत रोपांच्या जागी दुसरी रोपे लावली.' नाव घातलं नाही. पण कोसमटोल्याचा क्षेत्र-सहाय्यक एकच होता. पाठवण्याआधी तिनं ते वाक्य त्याला वाचून दाखवलं. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. कदाचित तो नको म्हणेल, निदान तोंड फिरवेल, असं काहीतरी तिला हवं होतं.

"खरं हाय ना?" तो म्हणाला. "मंग धाड."

शेवटच्या खेपेला ती चौकटींच्या खुंट्या काढायला आली. वारलू न बोलावता आला, आणि दोघांनी दिवसभरात सगळ्या सुतळ्या गुंडाळल्या. त्या दिवशी अस्वलाची आठवण दोघांनाही झाली नाही. फाट्यावर गाडीची वाट बघताना तिला राहवलं नाही.

"मूलच्या बाजूच्या जंगलात नव्यानं सुरू करायचंय. तिथं माणूस लागेल." तिनं खुंट्यांच्या पोत्याची गाठ उगीच पुन्हा आवळली. "येशील?"

"सर ठेवतीन मले?"

"मी बोलेन सरांशी. भांडेन."

वारलू रस्त्याच्या कडेचा खडा पायानं इकडून तिकडं करत राहिला. "मी येऊन सांगन तुले, आज सतरा मेले. तू मान हालवशीन, लिहून घेशीन. न मंग मी भाकर खायले बसलो का गुपचूप जाऊन फिरून मोजशीन."

नाही म्हणायला तिनं तोंड उघडलं. नुसतं नाही म्हणायचं होतं. एवढासा शब्द. पण ती जी क्षणभर थांबली, ते त्यानं पाहिलं.

"पाहाय बरं," तो म्हणाला, आणि चक्क हसला. पहिल्या दिवशी दहावी शेंग चुकल्यावर मात्र तो हसला नव्हता. मग गाडी आली. त्यानं खुंट्यांचं पोतं आत चढवलं, कंडक्टरला म्हणाला, "मॅडमले गडचिरोलीले उतरवजा." आणि गाडी सुटायच्या आधीच वळून चालू लागला.

तिनं सगळं पहिल्यापासून केलं. नवी झाडं, नव्या चौकटी, नवे बिल्ले. नूतन नावाची एक चुणचुणीत मुलगी मदतीला होती. संघप्रिया प्रत्येक चौकट स्वतः दोनदा मोजायची. नूतनला वाईट वाटायचं. तिला त्याचं कारण कधी सांगितलं नाही. तीन वर्षं गेली. बंगळुरूहून पुन्हा कुणी बोलावलं नाही. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात तिनं वारलूचं नाव लिहिलं होतं. सरांनी त्यावर पेन्सिलीनं हलकी रेघ मारली आणि तिनंही ते गाळलं.

फेब्रुवारीत तोंडी परीक्षा झाली. ती डॉक्टर झाली. पहिला फोन घरी केला, दुसरा गिरजाबाईंना. त्या खूप आनंदल्या, आणि बोलता बोलता सांगून गेल्या: वारलू इथं नाही. मध्यंतरी झाडं मोजायला दुसरी माणसं आली होती, त्यांनी गावात चौकशी केली, कुणीतरी रोपांचं ते प्रकरण सांगितलं, त्यांनी त्याला घेतलं नाही. आता दर साली मिरची तोडायला तेलंगणात जातो. नंबर दिला त्यांनी.

विद्यापीठाच्या व्हरांड्यात उभी राहून तिनं तो नंबर लावला. पलीकडं वारा, माणसांची गडबड, आणि कुणाचा तरी खोकला.

"कोण?"

"मी. संघप्रिया."

वाऱ्याचा आवाज कमी झाला; तो आडोशाला सरकला असावा.

"पास झाली का?"

"झाले. आत्ताच."

"मंग आता डॉक्टर म्हणा लागन." आवाजात तीच जुनी मिश्किली होती, पण मिरचीच्या खाटानं घसा बसलेला. "नव्या जागी किती मेले?"

"तीनशे सहा."

"सगळे लिहिले?"

"सगळे."

"बरं केलं."

मागून एका बाईची हाक आली, "अवो, चाला ना लवकर, गाडी आली!" वारलू तिला गोंडीत काहीतरी म्हणाला आणि मग फोनवर, साधेपणानं, "माही बायको होय. मागच्या साली लगन झालं."

आता बोलून काय उपयोग, असं संघप्रियाला वाटलं. आणि तरी ती बोलली, कारण एवढी एक गोष्ट तिनं कुठंच लिहिली नव्हती.

"वारलू, माझं तुझ्यावर प्रेम होतं."

"ठाऊक होतं मले," तो म्हणाला. "मले वाटे, तुलेच ठाऊक नाई." मग घाईघाईनं, "ठेवतो वो. गाडीवाला बोंबलून राह्यला."

फोन बंद झाला. आतून कुणीतरी फोटोसाठी हाक मारली. ती गेली, सरांच्या शेजारी उभी राहिली. कुणीतरी हातात गुच्छ दिला. त्याची बारीक तार तिच्या बोटात रुतत होती. पण तीन वेळा फोटो काढून होईपर्यंत तिनं हात हलवला नाही.